प्रवेश सर्वांना खुला

सकाळी पेपर हातात आला की मी पहिलं पान बाजूला ठेवतो आणि आतला ‘शहरात आज’चा रकाना काढतो. बोटभर रुंदीचा, बारीक टायपातला. व्याख्यान, सायंकाळी सहा. ग्रंथप्रकाशन, साडेपाच. मोफत नेत्रतपासणी, सकाळी नऊपासून. निवृत्त कर्मचाऱ्यांची मासिक बैठक, भजनसंध्या, रक्तदान. प्रत्येक ठिकाणी जायचं असतं असं मुळीच नाही. पण आज या शहरात कुठेतरी कुणीतरी सतरंज्या झटकणार आहे, खुर्च्यांच्या रांगा सरळ करणार आहे, माइकवर टिचकी मारून ‘हॅलो, हॅलो’ म्हणणार आहे, एवढं कळलं तरी मला दिवस बरा जाईलसं वाटतं.

ही सवय वडिलांकडून आलेली. आम्ही औरंगाबादला, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहायचो. घरी अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ यायचा. वडील अग्रलेख वाचून झाला की पेन्सिलीने संध्याकाळच्या एखाद्या व्याख्यानाभोवती वर्तुळ काढून ठेवायचे. पेपरात आलं नसेल तर फळे होतेच. वाचनालयाच्या दाराशी, कॉलेजच्या फाटकाशी, चौकातल्या खांबाला टेकवलेले काळे फळे. ते लिहिणारे एक गृहस्थ मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. एका हातात पाण्याची वाटी, दुसऱ्या हातात खडू. आधी नुसत्या बोटांनी अक्षरांचं अंतर मोजायचे, मग खडू पाण्यात बुडवून लिहायला लागायचे. ओल्या खडूने लिहिलेलं लगेच नीट दिसत नाही. फळ्यावर नुसती ओल दिसते. आम्ही पोरं उभी राहून वाट बघायचो. ऊन लागलं, वारा लागला की अक्षर हळूहळू पांढरं होत जायचं आणि मग पाहुण्यांचं नाव असं ठसठशीत उमटायचं की रस्त्यापलीकडून वाचावं. फडक्याने पुसलेल्या फळ्यावर कालच्या वक्त्याचं नावही थोडं शिल्लक असायचं. आजच्या नावामागे कालचं, त्यामागे परवाचं.

वडील सांगायचे, असा फळा रस्त्यावर लावता येणं ही या शहरात साधी गोष्ट नव्हती. निजाम सरकारने १९२९ मध्ये ‘गश्ती निशाण ५३’ काढलं. परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही, असा तो हुकूम. सभा भरवायची तर आधी अर्ज, मग चौकशी, आणि परवानगी मिळेपर्यंत बऱ्याचदा सभेचा दिवसच निघून गेलेला. मग माणसं गणेशोत्सवाचा आडोसा घ्यायची, वाचनालयाच्या वार्षिक उत्सवाचा घ्यायची, आणि कोण बोलणार, किती वाजता, हे कानोकानी जायचं. ज्या गावात ‘या, ऐका’ एवढं म्हणायलाही सरकारचा शिक्का लागत होता, त्या गावात १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपल्यानंतर माणसांनी किती हौसेने फळे लिहिले असतील! वडिलांनी काढलेल्या त्या पेन्सिलीच्या वर्तुळात मला पुढे तीच हौस दिसायला लागली.

आमच्या मित्रमंडळाचं वर्षातून एक व्याख्यान असतं. पुढारी नको, मोठा अधिकारी नको. माणसांसाठी आयुष्य घालवलेलं कुणीतरी हवं, एवढी एकच अट. पाहुणे ठरले, सभागृह मिळालं की मजकूर लिहायचं काम माझ्याकडे येतं. प्रेस नोट, हँडबिल, निमंत्रणपत्रिका. आणि दर वर्षी माझं अडतं ते एकाच ठिकाणी. पाहुण्यांच्या नावाआधी काय लिहायचं?

मंडळातल्यांची इच्छा असते की सगळं यावं. पद्म पुरस्कार यावा, मॅगसेसे यावा, ‘थोर’ यावं, ‘ज्येष्ठ’ यावं, ‘सुप्रसिद्ध’ तर यायलाच हवं. त्यांचंही चुकत नाही, मोठ्या माणसाचा मान राखायची आपली ही रीतच आहे. पण बाबा आमट्यांचं उदाहरण घ्या. मॅगसेसे, पद्मविभूषण, गांधी शांतता पुरस्कार ही ओळ पूर्ण करता करता हँडबिलाची अर्धी जागा जाते, आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन उभं राहायला लागलं, हे सांगायला जागा उरत नाही. वाचणाऱ्याचं पाऊल कशाने थबकेल? माझं तरी त्या चौदा रुपयांपाशी थबकतं. पुरस्कार ऐकला की आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. लंगडी गाय ऐकली की पुढे काय झालं ते विचारावंसं वाटतं.

बाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं, एवढ्या दोनच अवस्था. त्याच पाठीने त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारीपासून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली. तरुण मुलंमुली सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. वाटेतल्या गावांनी स्वागताची कोणती तयारी केली असेल? व्यासपीठावर मानाची खुर्ची मांडायची आपली पद्धत, आणि पाहुणा असा, की ज्याला खुर्चीचा काही उपयोगच नाही.

बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या प्रकट मुलाखतीच्या वेळी हँडबिलं पेपरात टाकायचं काम मी घेतलं होतं. मुलाखत दुसऱ्या एका संस्थेची होती, आम्ही हाताखाली. पहाटे साडेचारला चौकात गेलो. पेपरची गाडी येऊन गेली होती. दुकानांच्या पायऱ्यांवर दिव्याखाली पोरं बसलेली, समोर गठ्ठे. पुरवणी उघडायची, आत पत्रक सरकवायचं, पेपर मिटायचा, थप्पीवर ठेवायचा. मधूनच बोट ओल्या कापडाला लावायचं. सगळं इतक्या वेगाने चालतं की हात दिसतो, बोटं दिसत नाहीत. त्यातल्या एकाने, असेल पंधरा-सोळाचा, हात थांबवून पत्रकावरचा फोटो निरखला. पांढरी बनियन, पांढरी हाफ पँट.

“काका, हे नाना पाटेकरच्या पिक्चरमधले डॉक्टर का?”

“तेच. पिक्चर यांच्यावरच काढलाय.”

“खरंच असे कपडे घालतात?”

मी त्याला सांगितलं, हेमलकसा भामरागडच्या जंगलात आहे. डिसेंबर १९७३ मध्ये हे तिथे गेले, तेव्हा माडिया लोकांच्या अंगावर धड कपडाही नसायचा. मग डॉक्टरांनी ठरवलं, आपणही एवढंच घालायचं. ते आजतागायत. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटलेला. रुग्णांची भाषा येत नव्हती, ती शिकले. एवढंच नव्हे, फ्रान्सजवळच्या मोनॅको नावाच्या चिमुकल्या देशाने १९९५ मध्ये या नवराबायकोचं टपाल तिकीट काढलं, हेही सांगितलं. तो ऐकत होता, हात पुन्हा चालू झाले होते. शेवटचा गठ्ठा सायकलला बांधताना म्हणाला, “याला पास लागतो का? आमच्यासारख्यांना चालतं का?”

पत्रकाच्या तळाशी छापलेलं होतं, प्रवेश सर्वांना खुला. ती ओळ त्याच्या हाताखालून पहाटेपासून शेकडो वेळा गेली होती. वाचता तर त्याला चांगलं येत होतं. मी म्हटलं, “अरे, तूच तर ये. पहिल्या रांगेत बस.” तो हसला आणि निघाला. संध्याकाळी सभागृह भरून माणसं बाहेर उभी होती, त्या गर्दीत मला तो दिसला नाही. आला असेल, मागे कुठे उभा असेल. पण तेव्हापासून कोणतंही निमंत्रण लिहिताना माझ्या कानात त्याचा प्रश्न असतो. ज्यांच्या हातून निमंत्रण घरोघर जातं, त्यांनाच ते आपलं वाटत नाही. मांडववाला, साउंडवाला, खुर्च्या लावणारी माणसं, सभागृहाचा वॉचमन, सगळी व्याख्यानाच्या अवतीभवती असतात. पाहुणा आयुष्यभर ज्यांच्यासाठी राबला, ती माणसं बहुतेक यांच्यासारखीच असतात. आणि समोर बसलेले आम्ही मात्र तेच ते, एकमेकांना नावाने ओळखणारे, दर वर्षी त्याच रांगेतल्या त्याच खुर्चीकडे वळणारे.

फ्लेक्सचं मला दुःख होतं. क्रांती चौकातून जाताना मान वर केली की आकाश कमी आणि चेहरे जास्त. समाजसेवकाच्या व्याख्यानाचा फ्लेक्ससुद्धा वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखाच करायचा आता प्रघात पडला आहे. वर नेत्यांच्या गोल चकत्या, खाली स्वागतोत्सुकांची रांग, आणि ज्याला ऐकायचं तो मध्ये कुठेतरी. आमच्या मंडळाने फ्लेक्स न करण्याचं ठरवलं, त्याबद्दल तरुण मंडळी अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, काका, मोबाइलवर पोस्ट टाकू, फ्लेक्स लावू, नाहीतर कळणार कसं? रास्त प्रश्न आहे. फळे लिहिणारा माणूस आता कुठून आणायचा?

या प्रश्नाचं एक उत्तर मला रिक्षात मिळालं. सिंधुताई सपकाळ येणार होत्या. माईंच्या सभेचा प्रचार रिक्षावर भोंगा बांधून करायचं ठरलं. रेकॉर्ड केलेला मजकूर मराठीत, छान स्वच्छ आवाजात. सिडको, गारखेडा, उस्मानपुरा सगळं फिरून झालं. संध्याकाळी आम्ही चंपा चौकाकडे वळलो. मागच्या सीटवर मी पत्रकांचा गठ्ठा धरून. रिक्षावाल्या चाचांनी गाडी कडेला घेतली आणि टेप बंद केला.

“साहब, ये टेप इधर कोई नै सुनता. मैं बोलूं क्या?”

मी माइक त्यांच्या हातात दिला. त्यांनी घसा साफ केला आणि एका हाताने हँडल सांभाळत दखनीत सुरू केलं. “सुनो भाई, सुनो अम्मा! अपने शहर में एक माई आ रै. जिन बच्चों का कोई नै, उनकी माँ है वो. खुद भूकी रही, बच्चों कू खिलाई. कल शाम छे बजे. औरतों की बैठक अलग है. पैसा नै लगता, चंदा जबरदस्ती नै.” रोशन गेट, जिन्सी, परत चंपा चौक. कुठेही मजकूर एकसारखा नाही. मदरशासमोर आवाज खाली आणला, भाजीबाजारात वाढवला. एका घराच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईने हात करून रिक्षा थांबवली आणि विचारलं, “कहाँ है बोले?” त्यांनी उतरून तिला रस्ता सांगितला.

हा मजकूर मला लिहिता आला नसता. मी ‘अनाथांची माय’ लिहिलं होतं, त्याआधी चार विशेषणं लावली होती. चाचांनी माईंना कधी बघितलेलं नव्हतं, मी दुपारी चहा घेताना जेवढं सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक. वर्धा जिल्ह्यातली चौथीपर्यंत शिकलेली पोर, दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढलेली, गोठ्यात बाळंत झालेली, रेल्वेत गाणी म्हणून पोट भरलेली, आणि मग आपल्यासारख्याच टाकलेल्या पोरांना जवळ करत गेलेली. त्यातलं त्यांनी काय ठेवलं आणि काय सोडलं, ते बघा. भूक ठेवली.

दुसऱ्या दिवशी मैदानात डावीकडे बुरख्यातल्या बायकांच्या रांगा होत्या. माई नऊवारीत उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. अभंग, गझल, खेड्यातली म्हण, मधेच विनोद, मधेच डोळ्यांत पाणी. भाषण केलं नाही तर माझ्या लेकरांच्या ताटात भाकरी पडत नाही, हे त्या व्यासपीठावरून उघड सांगत आणि शेवटी पदर पसरत. त्या दिवशीही पसरला. डावीकडच्या रांगांमधून घडी केलेल्या नोटा हातोहात पुढे आल्या.

माईंचा हा पदर आणि बाबा आमट्यांची दानाबद्दलची भूमिका यांचा माझ्या मनात अजून मेळ बसलेला नाही. दान माणसाला दुबळं करतं, काम त्याला उभं करतं, हे बाबांचं म्हणणं. कुष्ठरुग्णांच्या हातात त्यांनी कुदळ दिली, हातमाग दिला. माई मात्र मागत आल्या, न लाजता, गावोगाव, ४ जानेवारी २०२२ ला जाईपर्यंत. हँडबिलावर ‘मदतीचे आवाहन’ छापायचं की नाही, असा वाद आमच्याकडे निघाला की मला दोन्ही आठवतात. तान्ह्या पोराला तुम्ही कुदळ कशी देणार? आणि धडधाकट माणसापुढे पैसे टाकून त्याची मान कशी खाली घालणार? मी त्या वादात दोन्हीकडून बोलतो आणि मंडळातले माझ्यावर चिडतात.

पण या सगळ्यांच्या आधी आपल्याकडे एक माणूस होऊन गेला, ज्याने प्रसिद्धीचा प्रश्न एका खराट्याने सोडवला होता. गाडगेबाबा गावात यायचे ते कुणालाही न कळवता. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. दिवसभर गाव झाडायचे. हा कोण वेडा आपली गटार उपसतोय, म्हणून माणसं जमायची, लाजायची, हळूहळू स्वतःही झाडायला लागायची. संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असायचं की रात्री कीर्तन आहे. रात्री त्या झाडलेल्या जागेवर हजारो माणसं. स्वतः शाळेत न गेलेला हा माणूस पोरांना शाळेत घाला म्हणून विनवायचा, कर्ज काढून सण करू नका म्हणून खडसवायचा, आणि कीर्तन संपलं की कुणी पाया पडायच्या आत पुढच्या गावाला निघून जायचा. पत्रिका नाही, स्वागताध्यक्ष नाही, आभारप्रदर्शनाला तर पाहुणाच जागेवर नाही. दादरला त्यांच्या धर्मशाळेत आजही परगावचे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात.

आपल्या जवळचं पैठण घ्या. नाथषष्ठीला फाल्गुनात लाखो वारकरी येतात, त्यांना कोण पत्रिका पाठवतं? पंचांगात तिथी असते, बाकीचं पाय करतात. रामेश्वरासाठी आणलेलं कावडीतलं पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घालणाऱ्या एकनाथांना भेटायला माणसं साडेचारशे वर्षं होत आली तरी येतच आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये दलाई लामा आपल्या शहरात आले तेव्हा नागसेनवनातही मी अशीच माणसं पाहिली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये ज्या परिसरात मिलिंद महाविद्यालय उभं करायला घेतलं, त्याच मैदानाच्या दिशेने पांढऱ्या साड्यांतल्या, पांढऱ्या सदऱ्यांतल्या माणसांचे थवे. पंचशील ध्वज, पाठीवर झोळ्या, भाकरी बांधून आणलेल्या. जालना रोडवर एका आजीला विचारलं, कुठून आलात, कुणी सांगितलं? म्हणाली, “विहारात सांगितलं. आमच्याच घरचं हाय की.”

घरचं. त्या पेपर टाकणाऱ्या पोराला व्याख्यान घरचं वाटलं नव्हतं, पासाची शंका आली होती. या आजीला एवढ्या मोठ्या पाहुण्याची, एवढ्या बंदोबस्ताची भीडच वाटली नाही. मी या दोघांचा विचार एकत्र करत राहतो. छपाई, कागद, मजकूर यांच्या पलीकडचं काहीतरी मध्ये आहे, आणि ते एका वर्षात, एका हँडबिलाने होणारं नाही. विहार तिथे रोज असतो. आम्ही वर्षातून एका संध्याकाळी उगवतो.

यंदाच्या व्याख्यानाचं काम आता सुरू झालं आहे. पाहुण्या येताहेत, मजूर बायकांच्या आरोग्यासाठी आयुष्य दिलेल्या एक डॉक्टर. मजकूर अजून माझ्याच टेबलावर आहे. पुरस्कारांची ओळ खाली नेली, पहिल्या ओळीत त्यांचं काम आणलं. पत्रकाची पाठ कोरी जायची, तिथे उर्दू मजकूर घ्यायचं ठरलं. चाचांचा मुलगा आता रिक्षा चालवतो, त्याला सांगून ठेवलं आहे. आणि परवा मी मंडळात म्हटलं, सकाळी मजुरांच्या नाक्यावर जाऊन पत्रकं आपण स्वतः देऊ. सातच्या आसपास बायका तिथे डबा घेऊन, काम मिळायची वाट बघत उभ्या असतात. ज्यांच्याबद्दल डॉक्टर बोलणार, त्या याच. सगळ्यांना पटलं. मग आमच्यातल्या एका ताईंनी विचारलं, “द्याल हो पत्रक. पण सहा वाजता त्या येतील कशा? सहाला स्लॅबवरून खाली उतरतात. घरी जाऊन चूल पेटवायची असते.”

कार्यक्रम आठला ठेवावा तर सभागृह साडेनऊला रिकामं करून द्यावं लागतं, आणि आमची नेहमीची ज्येष्ठ मंडळी रात्री बाहेर पडत नाहीत. रविवारी ठेवावा तर सभागृह लग्नाला गेलेलं आहे. सभागृहाऐवजी नाक्याजवळच्या शाळेचं पटांगण मिळतं का, हे बघायला दोघं जण उद्या जाणार आहेत. तिथे दिव्यांची सोय करावी लागेल, सतरंज्या लागतील, पोरंबाळं बरोबर येतील, त्यांच्या खाण्याचं काही बघावं लागेल. डॉक्टरांना फोन करून विचारायचं आहे, खुर्ची नसली तर चालेल का. वेळेची जागा मी अजून कोरी ठेवली आहे आणि छापखान्यातून रोज फोन येतो आहे.